आठ महिने रोज मार्क ११ घातल्यावर

आठ महिने झाले, मधले सर्व्हिसिंगचे पाच आठवडे सोडले तर रोज हेच घातलंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. घड्याळ म्हणजे आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं मार्क ११, ब्रिटिश हवाई दलासाठी १९४८ पासून बनलेलं, मागे ६बी/३४६ हा हवाई दलाचा साठा-क्रमांक आणि बाणाचा सरकारी शिक्का, ३६ मिमी. बरेच जण साइज ऐकूनच नाक मुरडतात कारण पायलटचं घड्याळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर युद्धातलं ते जर्मन बी-ऊर येतं, ५५ मिमीचं, जॅकेटच्या बाहीवरून बांधायचं. छान दिसतं ते, पण रोज ऑफिसला घालून दाखवा.

सुरुवात मात्र बेकार झाली. विकणारा म्हणाला नुकतंच सर्व्हिस केलंय, आणि पहिल्याच आठवड्यात दिवसाला तीन-तीन मिनिटं मागे. घड्याळजींनी उघडलं तर जुनं तेल सुकून डिंकासारखं झालेलं. म्हणाले, बाबा रे, हे निदान दहा वर्षं कोणी उघडलेलं नाही. साफसफाई आणि नवीन तेल झाल्यावर आता दिवसाला ५-६ सेकंद पुढे जातं, आणि सत्तरीच्या मशीनकडून मला आणखी काही नको.

खरं तर हे पायलटपेक्षा नॅव्हिगेटरचं घड्याळ. तारे बघून विमान कुठंय ते काढायचे त्या काळातलं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळ ४ सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर सरळ एक सागरी मैल चुकला! हे कळल्यावर क्राऊन, म्हणजे बाजूची चावी द्यायची कळ, ओढला की सेकंदकाटा का थांबतो ते डोक्यात बसलं. आता मी पण रोज सकाळी चावी देताना सेकंदाला सेकंद जुळवतो, गरज काडीची नाही, पण मजा येते.

सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट फोटोत दिसतच नाही. आत मशीनभोवती मऊ लोखंडाची डबी आहे, डायलसुद्धा लोखंडाची, त्या डबीचं झाकणच म्हणा ना. विमानातल्या रडार आणि विजेच्या उपकरणांमुळे केलेली सोय, चुंबकाचा प्रभाव मशीनमध्ये न शिरता लोखंडातूनच वळसा घालून निघून जातो. माझं दुसरं एक जुनं घड्याळ टॅब्लेटच्या चुंबकवाल्या कव्हरवर रात्रभर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सुसाट पळायला लागलं, केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की असं होतं. मार्क ११ त्याच टेबलावर कितीतरी वेळा पडून असतं, ढिम्म फरक नाही.

आता डायल. माझ्यावर गोलातला टी आहे, म्हणजे अंधारात आकडे-काटे चमकावेत म्हणून लावलेलं किरणोत्सारी ट्रिटियम. आधी या घड्याळांना त्याच कामासाठी रेडियम असायचं, मग १९६० च्या दशकात हवाई दलानेच बऱ्याच डायलींवरचं काढून ट्रिटियम भरलं. त्यामुळे "ओरिजिनल डायल" म्हणून जे वाद चालतात त्यात मला फार दम वाटत नाही, ज्यांचं घड्याळ त्यांनीच बदललं तर तोही त्याचा इतिहासच की. अंधारात काहीच चमकत नाही हे मात्र आधीच सांगतो. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, साठ वर्षांत उरणार किती.

पण एक गंमत. "सगळं ट्रिटियम आहे, बिनधास्त वापर" असं मला सांगितलेलं, आणि मित्राचा गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) काचेजवळ धरला तर टकटक सुरू. ट्रिटियमचे किरण काचेतून बाहेर येतच नाहीत, म्हणजे आत कुठेतरी रेडियम उरलंय, बहुतेक काट्यांवर. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात, चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही, त्यातली चमकणारी पावडर फक्त संपते. मी घाबरून फेकलं वगैरे नाही, पण स्वतः कधी उघडत नाही, त्याची धूळ नाकात जाणं सगळ्यात वाईट, आणि अशी चार-पाच घड्याळं बंद डब्यात कोंडून ठेवू नका, रेडियममधून निघणारा किरणोत्सारी रेडॉन वायू साठतो.

घ्यायचं असेल तर पट्ट्याचे बार आधी बघा. ते केसलाच, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचालाच, पक्के जोडलेले असतात, म्हणून आरपार जाणारा कापडी पट्टाच लागतो, आणि साधा पट्टा बसवायला कोणीतरी ते कापून भोकं पाडलेले पीस फिरत असतात. केस घासून गुळगुळीत आणि मागची अक्षरं मात्र कालच कोरल्यासारखी, असं दिसलं की मी तरी पुढे जातो. मशीनवरून काही ठरवू नका, आतलं हेच मशीन, ८९ कॅलिबर, कंपनीच्या साध्या घड्याळांतही होतं, त्यामुळे इकडचे तिकडचे भाग जोडून मार्क ११ म्हणून खपवणं सोपं.

काच अ‍ॅक्रिलिकची, ओरखडे लगेच पडतात आणि टूथपेस्टने घासले की जातातही. पाण्याचं मात्र विचारू नका. एकदा पावसात दहा मिनिटं सापडलो, काचेआतून धुकं, दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांत झोपवलं तेव्हा गेलं. आता ढग दिसले की छत्रीच्या आधी घड्याळ उतरवून खिशात.