ट्रॉपिकल मेडिसिन: घरबसल्या ऑनलाइन, की रजा टाकून प्रत्यक्ष?

ग्रामीण रुग्णालयात दोन-चार पावसाळे काढले की हा विचार डोक्यात येतोच. हिवताप, स्क्रब टायफस (किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप), लेप्टो, हत्तीरोग अशा उष्ण प्रदेशातल्या रोगांचं, म्हणजे ट्रॉपिकल मेडिसिनचं, रीतसर शिक्षण घ्यायचंय, पण नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स करावा, की पगारावर पाणी सोडून निवासी डिप्लोमाला जावं? मी आधी ऑनलाइन केला, मग बँकॉकला महिडोल विद्यापीठात गेलो. तेव्हा खाली लिहिलेलं एका माणसाच्या अनुभवापुरतं समजा.

निवासी म्हणजे लंडन-लिव्हरपूलचा तीन महिन्यांचा पूर्णवेळ डीटीएम अँड एच (ट्रॉपिकल मेडिसिनचा डिप्लोमा), महिडोलचा डिप्लोमा, किंवा पेरूत लिमाला १९९६ पासून चालणारा नऊ आठवड्यांचा गोर्गास कोर्स. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधली एमडी ही वाट वेगळी आहे, ती इथे धरत नाही.

ऑनलाइनला कमी लेखू नका. साथरोगशास्त्र, लसीकरण, कीटकनियंत्रण, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं हे सगळं घरी बसून उत्तम शिकता येतं. रात्री ओपीडी आटोपल्यावर व्याख्यान थांबवून, मागे नेऊन ऐकण्याची सोय वर्गात कुठली? तालुका आरोग्य अधिकारी असाल किंवा एखाद्या संस्थेचा कार्यक्रम चालवत असाल, तर मला वाटतं तेवढ्यावर भागेल.

मला खटकली ती एकच गोष्ट, पण ती शेवटपर्यंत खटकत राहिली. ऑनलाइन प्रात्यक्षिकात स्लाइडचा फोटो येतो. म्हणजे कुणीतरी आधीच परजीवी शोधलेला असतो, नेमकं ते क्षेत्र मध्यभागी आणलेलं असतं, फोकसही लावून ठेवलेला असतो. आपण फक्त नाव सांगायचं. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडून तापाने फणफणलेलं पोर येतं तेव्हा पंचाईत नावाची नसते, शोधण्याची असते.

थिक स्मिअरचंच, म्हणजे हिवतापासाठी काचेवर घेतलेल्या रक्ताच्या जाड थराचंच बघा. थर इतकाच जाड हवा की स्लाइड छापील कागदावर ठेवली तर खालची अक्षरं जेमतेम वाचता यावीत. मिथेनॉल लागलं की हिमोग्लोबिन धुऊन जात नाही आणि स्लाइड वाया जाते. मग तेलाच्या भिंगाखाली निदान शंभर क्षेत्रं (भिंगातून एका वेळी दिसणारे भाग) पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ म्हणायचं नाही. त्यात रंगाचे कण असतात, प्लेटलेट असतात, धूळ असते, आणि नवख्याला त्यातलं काहीही फाल्सिपॅरमची, म्हणजे गंभीर हिवतापाच्या परजीवीची, रिंग वाटतं. बारीक फोकसचा स्क्रू किंचित फिरवला की रंगाचा कण वेगळ्याच पातळीवर चमकतो; परजीवी पेशीच्याच पातळीवर राहतो. हा फरक बोटांना कळतो. फोटोत फिरवायला स्क्रूच नसतो.

रॅपिड टेस्ट असताना हे कशाला, असं सहकारी विचारतात. एचआरपी-२ या परजीवीच्या प्रथिनावर चालणारं कार्ड उपचार पूर्ण झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्हच दिसू शकतं. ताप पुन्हा आला, तर ते कार्ड जुन्याच आजाराची उरलेली खूण दाखवतंय की नवा आजार, हे स्लाइडच सांगते. गंभीर हिवतापात परजीवींचं प्रमाण किती, हेही तिथेच मोजावं लागतं.

बँकॉकला ट्रॉपिकल रोगांचं रुग्णालय आणि शिक्षणाची इमारत एकाच आवारात आहे. वॉर्डातून प्रयोगशाळेत चालत जाता येतं. विष्ठेच्या ताज्या नमुन्यात वळवळणारी स्ट्रॉन्गिलॉइड्स या आतड्यातल्या जंताची अळी पाहिली, की तिचं तोंड आखूड आणि हुकवर्म या दुसऱ्या जंताच्या अळीचं लांब हे पाठ करावं लागत नाही. नमुना रात्रभर पडून राहिला तर हुकवर्मची अंडी उबून अळ्या निघतात आणि घोटाळा होतो, हेही तिथेच मनात पक्कं बसलं. स्टेरॉइड सुरू करण्याआधी स्ट्रॉन्गिलॉइड्सची अळी शोधायला हवी, असं आपल्याकडे किती जणांच्या मनात येतं? मला याची खरोखर काळजी वाटते, कारण स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णात ती अंगभर पसरली तर जिवावर बेततं.

लंडन-लिव्हरपूलचं अध्यापन नावाजलेलं आहे, सूक्ष्मदर्शकावर तिथेही भरपूर वेळ देतात. फक्त तिथल्या वॉर्डात बहुधा प्रवासाहून परतलेला रुग्ण भेटतो. डेंग्यू, स्क्रब टायफस, मेलिऑइडोसिस (माती-पाण्यातल्या जिवाणूंचा आजार) घेऊन शेतातून येणारा माणूस आपल्याला जवळचा, म्हणून माझं पारडं बँकॉककडे झुकलं. पुढे युरोपात काम करायचं असेल तर कदाचित तुमचं झुकणार नाही.

घरची अडचण असेल, तर ऑनलाइन करा, पण सोबत रोज तासभर आपल्या लॅब टेक्निशियनशेजारी बसा. आणि कुठल्याही कोर्सची फी भरण्याआधी तीन प्रश्न ईमेलने विचारा: प्रत्येकाला स्वतःचा सूक्ष्मदर्शक मिळतो का, नमुने ताजे असतात का, आणि परीक्षेत अनोळखी स्लाइड ठेवतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर मी तरी पैसे भरणार नाही.