कागदाचे कोपरे की कर्ण?

पंचवटीतील आमच्या शेजारच्या ताईंना प्रश्न पडला आहे, की आठवीतल्या लेकीला चौकोनाच्या कोनांची बेरीज कागदाचे कोपरे फाडून दाखवावी की सिद्धतेने शिकवावी. कोपरे एका बिंदूभोवती जुळवायला पाच मिनिटे पुरतात आणि ३६०° डोळ्यांना दिसतात; मात्र तो एकाच चौकोनाचा अनुभव ठरतो. सिद्धतेला श्रम अधिक लागतात: त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढली की व्युत्क्रम कोनांमुळे (समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंना, त्या दोन रेषांच्या आत होणारे समान कोन) त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° सिद्ध होते, आणि मग चौकोनाचा एक कर्ण, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा, त्याचे दोन त्रिकोण करतो, म्हणून ३६०°. हीच युक्ती पंचकोनाचे तीन त्रिकोण करून ५४०° सुद्धा देते, म्हणून ती मला अधिक मोलाची वाटते. कोनांची नुकती ओळख होत असलेल्या मुलांना कागद पुरेसा आहे. ताईंच्या लेकीला मात्र दहावीपर्यंत सिद्धता लिहायच्या आहेत, तेव्हा तिने कर्णापासूनच सुरुवात करावी.