सड्यावर मशीन वाजलं म्हणजे हंडा सापडला नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘गुप्तधन काढून देतो’ म्हणत फिरणाऱ्या पार्ट्यांकडचं मशीन बरेचदा अस्सल असतं. ते खरंच वाजतं आणि माणूस तिथेच फसतो. इथल्या सड्यांचा, म्हणजे उघड्या कातळी पठारांचा, जांभा दगड लाल आहे तो लोहामुळे, आणि त्या लोहाचा काही भाग चुंबकीय असतो. त्यामुळे साधं मेटल डिटेक्टर कातळावर फिरवलं की खाली नाणं असो-नसो, ते ओरडतं. खात्री करायची तर जुन्या स्पीकरमधला चुंबक सड्यावरच्या बारीक काळपट खड्यांवरून फिरवा, काही खडे चिकटून वर येतील.

हा गोंगाट बसवायला मशीनवर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा आवाज वजा करायची सोय असते. कॉइल (मशीनच्या टोकाची चकती) वीतभर वर, मग जमिनीपासून दोन बोटांवर, अशी खालीवर करत आवाज सपाट होईपर्यंत जुळवायचं. पार्टी नेमकं हेच टाळते. आधी किनाऱ्यावर कोरड्या पांढऱ्या वाळूत (काळ्या वाळूत कधीच नाही, तिच्यातल्या इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाने बिंग फुटेल) तुमच्यादेखत नाणं पुरते. स्वच्छ बीप येतो. मग तीच सेटिंग ठेवून सड्यावर चढायचं. अख्खा सडा वाजतो, ‘हंडा मोठा आहे’ असं सांगितलं जातं आणि ॲडव्हान्स ठरतो. वर राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, मानाचे पैसे वेगळे.

नाण्याचा आवाज तोकडा आणि नेटका असतो. कॉइल डावीकडून आणली, उजवीकडून आणली, काटकोनात फिरून आणली, तरी तो त्याच जागी येतो. दगडाचा आवाज पसरट, धड सुरुवात ना शेवट, आणि कॉइल चार बोटं उचलली की बहुधा विरतो. खोलीचं म्हणाल तर सुटं नाणं चांगल्या मातीत १५-२० सेंटीमीटरवर लागतं, जांभ्यात त्याच्या निम्म्यावर लागलं तरी पुष्कळ. वीस फुटांखालचं नाणं दाखवणारं मशीन कुणाकडेच नाही.

दुसरा माल म्हणजे ‘गोल्ड लोकेटर’. पिस्तुलासारखी मूठ, पुढे फिरती अँटेना, कॉइलचा पत्ता नाही. मनगट केसभर कललं की अँटेना स्वतःच्या वजनाने वळते, एवढीच करामत. तपासायचं तर दहा करवंट्या पालथ्या घाला, एकीखाली सोन्याची अंगठी ठेवा. ठेवणाऱ्याने मग तिथून निघून जायचं, नाहीतर त्याची नजरच जागा सांगते. मग पार्टीला अंगठी शोधायला सांगा, असं पाच वेळा. बहुतेक पार्ट्या पहिल्याच वेळी ‘आज अमावास्या जवळ आहे’ म्हणून उठतात.

खोदताना नाणं निघालं तर आधी खड्डा बघा. न हललेल्या जागी पहार ठणकते. ती भसकन आत गेली आणि मातीत काजूचा हिरवा पाला निघाला, तर खड्डा दोन-चार दिवसांतलाच. तांब्यावरची जुनी हिरवी पुटं घट्ट बसलेली असतात. ओल्या अंगठ्याने चोळताच हिरवी भुकटी सुटली तर ती बाटलीतल्या रसायनाची. हनुमान किंवा रामदरबार असलेलं १८१८ सालचं ‘कंपनीचं नाणं’ पुढे केलं तर पुढचं काही तपासूच नका, ईस्ट इंडिया कंपनीने हनुमान-रामदरबाराची अशी नाणी पाडलेलीच नाहीत.

‘शिवकालीन होन’ (सोन्याचं छोटं नाणं) दाखवला तर ०.०१ ग्रॅमचा काटा लागतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. होन साधारण २.७ ग्रॅमचा. सोन्याचा असेल तर काटा ०.१५ च्या आसपास दाखवेल, पितळेचा असेल तर ०.३ च्या वर जाईल. पितळेवर वर्ख चढवला तरी पाणी फसत नाही. मात्र सोनं निघालं म्हणजे नाणं जुनंच, असं नाही. आजही ठसा मारता येतो.

‘निम्मं तुमचं, निम्मं आमचं’ असा कागद पुढे केला तर सही करू नका. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तोच कागद नंतर ‘पोलिसांत देऊ’ म्हणत दुसऱ्यांदा पैसे उकळायला वापरतात. पैसे यूपीआयने गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळलं तरच ते गोठवता येतात.