लक्षाचे प्रयोग आणि सायकोपाय: साधन उत्तम, पण डिफॉल्टवर विसंबू नका

नजर मधल्या खुणेवर रोखूनही लक्ष बाजूला वळवता येतं. हे मोजायला मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांचा १९८० चा संकेत-प्रयोग अजून वापरात आहे (आधी एका बाजूचा संकेत दिसतो, मग त्याच किंवा दुसऱ्या बाजूला लक्ष्य, आणि ते दिसताच कळ दाबायची), आणि तो मांडायला नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जोनाथन पीअर्स यांनी सुरू केलेलं सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर. कोड न लिहिता बिल्डर या त्याच्या चित्रमय खिडकीत मधली खूण, संकेत, लक्ष्य आणि कीबोर्ड असे घटक ओढून ठेवले की प्रयोग चालू होतो. गफलत होते ती इथेच: चालू झाला म्हणजे बरोबर झाला असं नाही.

योग्य संकेताचा (लक्ष्याचीच बाजू दाखवणाऱ्या) फायदा बहुधा वीस-पन्नास मिलिसेकंदांचाच असतो. पडद्यावरचं चित्र फ्रेमगणिकच बदलतं आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणून वेळ सेकंदांत न देता फ्रेममध्ये द्यावी. संकेत ६ फ्रेम, मग ३ फ्रेम रिकाम्या, मग लक्ष्य. एकूण १५० मिलिसेकंद झाले. डोळा नव्या जागी झेप घ्यायला साधारण २०० मिलिसेकंद घेतो, म्हणजे नजर हलण्याआधीच लक्ष्य समोर येतं. संकेत ते लक्ष्य हा वेळ वाढवला तर मोजलं जातंय ते लक्ष की डोळ्यांची हालचाल, हे आय ट्रॅकरशिवाय (नजर टिपणाऱ्या यंत्राशिवाय) सांगता येणार नाही. शिवाय बाजूला चमकणारा, लक्ष्य कुठे येईल हे न सुचवणारा संकेत असेल तर साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर उलटच घडतं: संकेताच्या जागी प्रतिसाद मंदावतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक कीबोर्डची. प्रतिसादाची वेळ कीबोर्डचा घटक सुरू झाल्यापासून मोजली जाते. त्याची सुरुवात फेरीच्या शून्य सेकंदावर ठेवली, तर मधल्या खुणेचा वेळही त्यात मिसळतो. त्यातच खुणेचा कालावधी दर फेरीला बदलता असेल (असायलाच हवा) तर आकडे पार विस्कटतात. कीबोर्डची सुरुवात लक्ष्याच्या सुरुवातीलाच बांधा. कीबोर्डच्या स्वतःच्या ठरावीक दिरंगाईची मात्र फार काळजी नको, योग्य आणि चुकीचा संकेत या दोन स्थितींमधला फरक काढताना ती वजा होते.

फेऱ्यांच्या एक्सेल फाइलमध्ये ८ ओळी योग्य संकेताच्या, २ चुकीच्या, आणि लूप (या ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा घटक) २० वेळा: २०० फेऱ्या. लूपचा प्रकार साधा ‘रँडम’ ठेवला तर दर दहा फेऱ्यांत नेमक्या दोनच चुकीच्या येतात, चाणाक्ष सहभागी ते हेरू शकतो. ‘फुल रँडम’ निवडा. स्तंभांच्या नावांत मोकळी जागा नको, फाइल वाचतानाच अडते.

आकार डोळ्याशी होणाऱ्या कोनाच्या अंशांत द्यायचे तर सायकोपायच्या मॉनिटर सेंटर या खिडकीत पडद्याची रुंदी, पिक्सेल आणि बसण्याचं अंतर आधी भरावं लागतं. अंतर ५७ सेंटीमीटर ठेवलं की पडद्यावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जवळपास १ अंश, पट्टी लावून लगेच पडताळता येतं.

पाव्हलोव्हिया या वेबसाइटवरून सायकोपायचे प्रयोग ऑनलाइन चालवण्याची सोय आकर्षक आहे, पण पायथनचा कोड जावास्क्रिप्टमध्ये आपोआप बदलताना नमपायसारख्या (आकडेमोडीच्या) पायथन लायब्ररींवर हमखास अडतो. समोरचा माणूस पडद्यापासून किती लांब बसलाय तेही कळत नाही. वरचा संकेत-प्रयोग त्यामुळे प्रयोगशाळेतच बरा. रंग आणि दिशा दोन्ही जुळवून शोधायच्या कामाला मात्र ऑनलाइन चालतं: ४ वस्तूंवरून १६ वर गेलं की शोधाचा वेळ सहसा शेकडो मिलिसेकंदांनी वाढतो, आणि एवढ्या फरकापुढे एखादी फ्रेम हुकली तरी बिघडत नाही.