हृदयासाठी काय घ्यावे: ग्रीन टी की रेड वाइन?

साठीकडे झुकलेल्या एका स्नेह्यांनी विचारले, की हृदयासाठी म्हणून रात्री ग्लासभर रेड वाइन सुरू करावी की ग्रीन टी.

धोक्याच्या निकषावर तुलना लगेच एकतर्फी होते. १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते. शरीरात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. माफक पिणाऱ्यांचे हृदय निरोगी दाखवणाऱ्या अनेक जुन्या पाहण्यांत, आजारपणामुळे दारू सोडलेल्यांची गणनाही न पिणाऱ्यांतच झाली होती आणि त्यामुळे माफक पिणारे तुलनेने निरोगी दिसले, हे विसरता कामा नये.

ग्रीन टीचा लाभही माफकच आहे: कोलेस्टेरॉल किंचित उतरते, वजन मात्र त्याने फारसे घटत नाही. जेवणासोबत घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते, म्हणून रक्तक्षय असलेल्यांनी तासाभराचे अंतर ठेवावे. उकळते पाणी ओतल्यास तो कडू होतो. पाणी थोडे निवू द्यावे. खर्चातही तोच परवडतो.

हृदयाची काळजी म्हणून काही प्यायचेच असेल, तर दुपारचा बिनसाखरेचा ग्रीन टी घ्यावा. कॅफीनने झोप उडत असेल त्यांनी संध्याकाळी टाळावा. वाइन ज्यांना चवीसाठी आवडते आणि यकृताचा विकार किंवा औषधे आड येत नाहीत, त्यांनी ती क्वचित, थोडी घ्यावी. औषध समजून नव्याने मुळीच सुरू करू नये.