मिशनरी मुलांचा फुकट इंग्लिश संभाषण क्लास : माझा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशात आल्यापासून माझं एकच दुखणं, इंग्लिश वाचलं की सगळं कळतं पण बोलायची वेळ आली की तोंडातून शब्दच फुटत नाही. शेजारणीने सांगितलं की मॉर्मन चर्चच्या (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) हॉलमध्ये आठवड्यातून एका संध्याकाळी बोलायचा क्लास असतो, फी नाही, कुठल्याही धर्माचं कोणीही यावं. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नेमप्लेट लावून जोडीने फिरणारी त्यांची मिशनरी, म्हणजे धर्मप्रचार करणारी मुलं असतात ना, तीच शिकवतात.

ही मुलं काही ट्रेन्ड टीचर नाहीत, विशीच्या आसपासची पोरं, पण शिकवतात फार छान आणि मला वाटतं त्याला कारण आहे. कुठल्या देशात जायचं हे त्यांना निवडता येत नाही, चर्च पाठवेल तिथे जायचं, भाषा नवी असेल तर आधी ट्रेनिंग सेंटरमध्ये साधारण 6 ते 9 आठवडे ती शिकायची आणि मग थेट रस्त्यावर अनोळखी माणसांशी त्याच भाषेत बोलायचं. त्यामुळे अडखळणाऱ्या माणसाला काय होतं हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आमचा एल्डर (मुलांना एल्डर म्हणतात, मुलींना सिस्टर) प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. मी मनात वाक्य जुळवतेय, सगळे थांबलेत, तरी तो मध्ये शब्द पुरवत नाही की घड्याळ बघत नाही, माझं मोडकंतोडकं वाक्य पूर्ण झालं की तेच नीट करून स्वतः बोलतो आणि लगेच पुढचं विचारतो, म्हणजे चूक काढली असं वाटतच नाही. त्याच्या खिशात छोटी डायरी असते, इथल्या भाषेतला नवा शब्द कानावर पडला की लिहून घेतो आणि क्लासमधल्याच एका आजोबांकडून उच्चार तपासून घेतो. आजोबा पण किती खूश होतात!

यांचा दिवस ऐकून मी थक्क झाले. सकाळी 6:30 ला उठायचं, रात्री 10:30 ला दिवे बंद, मधे अभ्यास, लोकांना भेटणं, सेवेची कामं, जोडीदार कायम सोबत. कपडे धुवायला, बाजार करायला आठवड्यातून एक दिवस. घरी दर आठवड्याला फोन करायची मुभा 2019 मध्ये मिळाली, त्याआधी वर्षातून मोजकेच फोन! मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष हे काम करतात, पगार नाहीच, उलट घरच्यांनीच खर्चाला हातभार लावायचा.

धर्माचं विचाराल तर क्लासमध्ये फक्त इंग्लिश. संपल्यावर एकदा विचारलं, बुक ऑफ मॉर्मनबद्दल (त्यांचा धर्मग्रंथ) ऐकायला आवडेल का, मी नको म्हटलं, विषय तिथेच संपला आणि वागण्यात काडीचा फरक नाही.

परीक्षेसाठी व्याकरण पक्कं करायचं असेल तर दुसरा क्लास बघा, आणि यांच्या बदल्या होत राहतात, टीचर बदलेल ही तयारी ठेवा. जीभ मोकळी करायला मात्र पाचपैकी पाच स्टार. आणि हो, आभार म्हणून चहा-कॉफी नेऊ नका, ते दोन्ही पीत नाहीत, त्यापेक्षा इथली भाषा येत असेल तर क्लासनंतर दहा मिनिटं थांबून त्यांच्याशी तिच्यात बोला.