रबरी बोट एकट्यानं ट्रेलरवर: विंच की उचलून ढकलणं?

प्रयाग चिखली, आंबेवाडीकडं २०१९ आणि २०२१ ला पाणी शिरलं तेव्हापासून हवेच्या बोटींचं मोल कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. तोवर बोट ट्रेलरवर चढलेली हवी, आणि दर वेळी चार माणसं हाताशी नसतात.

हातानं उचलायचं तर आधी नाक ट्रेलरच्या मागच्या रोलरवर टेकवा, मग मागं येऊन शेपटाकडून उचलत पुढं ढकला. पूर्ण वजन एकदम कधीच अंगावर येत नाही. पण हे हलक्या बोटीपुरतं. शंभर किलोच्या आसपासच्या बोटीला, तेही घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर, मी हे करणार नाही. पाय सरकला की कंबर गेलीच.

माझं मत विंचला, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या, ड्रमवर पट्टा गुंडाळत बोट वर ओढणाऱ्या यंत्राला. इंजिन आधी उतरवा, ट्रेलर जीपला जोडूनच ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हवा टणक भरलेली हवी, नाहीतर बोट रोलरवर दुमडते. पट्टा नाकाच्या एकट्या कडीत अडकवू नका. ती नुसती चिकटवलेली असते; ओढ वाकडी बसली की कडेचा रबर सुटायला लागतो. दोन्ही बाजूंच्या कड्यांतून दोर घेऊन मधोमध हूक लावा. ड्रमवर पट्ट्याचे तीन वेढे शिल्लक राहू द्या, आणि ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत उभं राहू नका.

विंचला वेळ जास्त लागतो, तो लागू द्या.